नाशिकहून महाराष्ट्रातली ख्रिस्ती महाविद्यालयं: विद्यापीठ, कोटा आणि कागदपत्रं

गोदाकाठ
नाशिकमधली जुनी, मोठी महाविद्यालयं बघितली तर एचपीटी-आरवायके आणि बिटको गोखले एज्युकेशन सोसायटीची, केटीएचएम मविप्रचं म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाजाचं, भोंसला सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटीचं. यांत मिशनचं एकही नाही. देवळालीच्या बार्न्स या ख्रिस्ती शाळेला अकरावी-बारावी आहे. पदवीसाठी जुन्या ख्रिस्ती महाविद्यालयात जायचं ठरवलं, तर इथल्या मुलांना नगर, पुणे, मुंबई किंवा नागपूर गाठावं लागतं.

यंदा ज्यांना अर्ज भरायचे आहेत त्यांच्यासाठी हा धागा. पहिली गोष्ट: महाविद्यालयाचं नाव नंतर बघा, ते कोणत्या विद्यापीठाखाली येतं ते आधी बघा. अर्जाची खिडकी, शेवटची तारीख, शिष्यवृत्ती आणि पुढे कॉलेज बदलायची सोय हे सगळं त्यावर ठरतं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ: अहमदनगर कॉलेज, पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स कॉलेज ऑफ कॉमर्स. आपलं नाशिकही याच विद्यापीठात येतं, त्यामुळे इथून तिकडे बदली सर्वांत सोपी.
मुंबई विद्यापीठ: विल्सन (१८३२), सेंट झेवियर्स (१८६९), सोफिया (१९४०, फक्त मुलींसाठी), वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज, वसईचं सेंट गोन्सालो गार्सिया, समाजकार्यासाठी निर्मला निकेतन (१९५५), बीएडसाठी सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन. अभियांत्रिकीत वांद्र्याचं फादर कॉन्सेसाव रॉड्रिग्ज, वाशीचं फादर अॅग्नेल, कुर्ल्याचं डॉन बॉस्को, बोरिवलीचं सेंट फ्रान्सिस.
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ: हिस्लॉप कॉलेज (१८८३).
स्वतःच विद्यापीठ असलेली: पुण्याचं स्पायसर अॅडव्हेंटिस्ट युनिव्हर्सिटी, २०१४ च्या राज्य कायद्याने झालेलं खाजगी विद्यापीठ. शिवाय बंगळुरूच्या ख्राइस्ट अभिमत विद्यापीठाचं लवासा संकुल.

निफाडकर
चांगला धागा. एक भर घालतो. नावावरून फार गल्लत होते. पुण्याचं सेंट मीराज हे साधू वासवानी मिशनचं आहे, ख्रिस्ती नाही. फर्ग्युसन हे गव्हर्नरचं नाव, कॉलेज डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं. एल्फिन्स्टन सरकारी. उलट अहमदनगर कॉलेज, हिस्लॉप, निर्मला निकेतन या नावांत 'सेंट' कुठेच नाही, तरी तिन्ही ख्रिस्ती. अल्पसंख्याक कोट्यातून अर्ज करणाऱ्याने संस्थेकडे अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र आहे का ते माहितीपुस्तिकेत बघावं. ते राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाचं असतं किंवा २००४ च्या कायद्याखालच्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाचं. धार्मिक की भाषिक, हेही त्यात लिहिलेलं असतं. सिंधी किंवा गुजराती भाषिक दर्जाच्या कॉलेजात ख्रिस्ती कोटा मागून उपयोग नाही.

इंदिरानगर_ताई
आमच्या ओळखीतली काही मुलं ख्रिस्ती नाहीत. त्यांनी अशा कॉलेजांचा विचार करावा का? की जागाच राहत नाहीत?

कलम_तीस
जरूर करावा, ताई. आधी अकरावीचं सांगतो. तिथल्या केंद्रीय प्रवेशात अल्पसंख्याक संस्थेचा कोटा ५० टक्के, संस्थांतर्गत म्हणजे इनहाउस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी) १० टक्के, व्यवस्थापन ५ टक्के. उरलेल्या जागा गुणवत्तेवर सगळ्यांना खुल्या. अल्पसंख्याक कोट्यात रिकाम्या राहिलेल्या जागा कॉलेज परत केंद्रीय फेरीत टाकू शकतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कटऑफ कधीकधी खाली येतो. पहिल्या फेरीचा आकडा बघून नाव यादीतून काढू नका.

मात्र एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. घटनेच्या कलम ३०(१) ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिला, आणि कलम १५(५) ने प्रवेशातल्या आरक्षणातून अल्पसंख्याक संस्था वगळल्या. त्यामुळे एससी, एसटी, ओबीसीच्या वेगळ्या जागा तिथे मिळतील असं धरून चालू नका. नाशिकमध्ये राखीव जागेवर सहज प्रवेश मिळणारा विद्यार्थी तिथे खुल्या यादीत स्पर्धा करतो. पसंतीक्रम लावताना सगळ्या दहाच्या दहा जागा अल्पसंख्याक कॉलेजांना दिल्या तर प्रवर्गाचा फायदा वाया जातो. निम्म्या तरी इतर ठेवा.

दुसरं, पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून 'बघू तरी लागतं का' म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही टाकू नये. मुंबईत राहायची सोय नसताना झेवियर्स पहिलं टाकणं म्हणजे नाशिकची जागाही घालवणं.

शरणपूर_रोड
कागदपत्रांवर सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त प्रवेश तिथेच अडकतात.

ख्रिस्ती कोट्यासाठी साधारण हे लागतं: शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर धर्माच्या रकान्यात 'ख्रिश्चन' किंवा 'ख्रिस्ती'. बाप्तिस्म्याचा दाखला. काही ठिकाणी आपल्या चर्चच्या धर्मगुरूंचं अलीकडचं पत्र. अभियांत्रिकी आणि इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांना सीईटी सेलच्या (राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या) ठरलेल्या नमुन्यातलं अल्पसंख्याक घोषणापत्र आणि अधिवास प्रमाणपत्र. ऑनलाइन अर्जात 'धार्मिक अल्पसंख्याक' हा पर्याय पहिल्यांदाच निवडावा लागतो. कागद पडताळून झाल्यावर तो बदलता येत नाही, आणि हा एक पर्याय राहिल्यामुळे कोटा गेला अशी प्रकरणं दर हंगामात होतात.

आता काय चुकतं ते.

(१) दाखल्यावर 'हिंदू' आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या चर्च. नाशिक-नगरच्या ग्रामीण भागात हे सर्रास दिसतं. शाळेत असतानाच दुरुस्ती करून घेतली तर मुख्याध्यापकांकडे अर्ज, बाप्तिस्म्याचा दाखला आणि पालकांचं प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम पुढे सरकतं. एकदा शाळा सुटली की दाखल्यातली नोंद मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात बदलू शकत नाहीत, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. म्हणून आठवी-नववीतच शाळेच्या जनरल रजिस्टरची नोंद बघून ठेवा.

(२) बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेतलं दुसरं. रजिस्टरमध्ये योहान, दाखल्यावर जॉन. किंवा आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. किरकोळ फरक 'ही एकच व्यक्ती' अशा प्रतिज्ञापत्राने भागतो. नाव पूर्ण वेगळं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची जाहिरात. धर्मबदलाची नोंदही तिथेच होते. यात आठवडे जातात, निकालानंतर सुरू केलं तर पहिली फेरी हातची जाते.

(३) बाप्तिस्मा मूळ गावी, राहणं नाशिकला. दाखला ज्या चर्चच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे तिथूनच मिळतो, इथल्या धर्मगुरूंकडून नाही. जुन्या मिशन चर्चचं रजिस्टर कधी शेजारच्या पास्टोरेटमध्ये (दुसऱ्या धर्मगुरूंच्या कार्यक्षेत्रात) हलवलेलं असतं. कॅथलिक कुटुंबांनी बिशप हाउसमध्ये आधी फोन करून विचारावं (नाशिकचं स्वतंत्र धर्मप्रांत १९८७ चं, त्याआधी हा भाग पुणे धर्मप्रांतात होता). सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाल्यांनी आपल्या डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) कार्यालयात.

(४) जात आणि धर्म दोन्ही एकदम. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. एका अर्जात एससी आणि दुसऱ्यात ख्रिस्ती अल्पसंख्याक असं लिहिलं की पडताळणी समितीसमोर दोन्ही कागद एकमेकांविरुद्ध उभे राहतात. अनुसूचित जमातीचं तसं नाही, तिथे धर्माची अट नाही. पेठ, सुरगाणा, कळवण भागातल्या आदिवासी ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा एसटी दर्जा कायम राहतो.

अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेली कुटुंबं महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या यादीत येतात. त्यासाठी जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर, तिन्ही हवं. ओबीसी वैधतेला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा रहिवास आणि जातीचा पुरावा लागतो. इथे जुनी चर्च रजिस्टरं फार उपयोगी पडतात: आजोबांचा बाप्तिस्मा किंवा लग्न, वडिलांचं नाव आणि गाव, तारखेसह. रजिस्टरच्या पानाची प्रमाणित प्रत घ्या, टाइप केलेला नवा दाखला एकटा पुरत नाही.

इंदिरानगर_ताई
पण अल्पसंख्याक कॉलेजात ओबीसी जागाच नसेल तर एवढी खटपट कशाला?

शरणपूर_रोड
ताई, फीसाठी. व्यावसायिक अभ्यासक्रमात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेला चालत नाही. अभियांत्रिकीच्या अल्पसंख्याक जागा केंद्रीय फेरीतूनच भरा, हे त्यासाठीच सांगतो.

राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीलाही तीच अट. आणि अभिमत किंवा खाजगी विद्यापीठाला ती लागू नाही. म्हणजे स्पायसर किंवा ख्राइस्टचा विचार करणाऱ्यांनी महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर) हिशेब टेकवू नये, विद्यापीठाच्या स्वतःच्या सवलती विचाराव्यात.

कॅम्प_देवळाली
मुंबईच्या अर्जांबद्दल.

बारावीनंतर मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी स्वतंत्र असते. ती केल्यावर मिळणारा क्रमांक कॉलेजच्या अर्जात घालायचा. नाशिकच्या मुलांना ही पायरी माहीत नसते, कारण पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत थेट कॉलेजचाच फॉर्म भरतात. नुसता कॉलेजचा फॉर्म भरून थांबलं तर अर्ज अपुरा धरला जातो. एबीसी आयडीही (श्रेयांक जमा होणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) आधीच काढून ठेवा, आधार आणि मार्कशीटवरचं नाव अक्षरशः सारखं असेल तरच तो नीट निघतो.

राज्य मंडळाच्या बारावीला स्थलांतर प्रमाणपत्र लागत नाही. सीबीएसई, आयएससी असेल तर लागतं. पुणे विद्यापीठात पहिलं वर्ष करून मुंबईत जायचं असेल तरीही लागतं.

बीएमएस, बीबीए, बीसीए या पदव्या २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या (केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत आल्या आणि राज्याची वेगळी सीईटी सुरू झाली. त्यावर मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी बीएमएस बंद करून तोच विषय बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) या नावाने ठेवला. माहितीपुस्तिकेत पदवीचं पूर्ण नाव वाचा. बीएमएस लिहिलं असेल तर सीईटी, बीकॉम लिहिलं असेल तर बारावीचे गुण किंवा कॉलेजची स्वतःची परीक्षा. सीईटीची नोंदणी बारावीच्या परीक्षेच्या आसपासच संपते, निकालानंतर जाग येऊन उपयोग नाही.

झेवियर्स २०१० पासून स्वायत्त आहे. परीक्षा, श्रेयांक, निकाल सगळं त्यांचं, पदवी मुंबई विद्यापीठाची. अंतर्गत मूल्यमापन सतत चालतं आणि समाजातल्या कामाचा सोशल इन्व्हॉल्व्हमेंट प्रोग्रॅम असतो, तेव्हा वर्षाच्या शेवटी अभ्यास करून निभेल ही सवय तिथे चालणार नाही. इतिहास किंवा वनस्पतिशास्त्र घेणाऱ्यांनी मात्र झेवियर्सचा गंभीरपणे विचार करावा. इतिहास संशोधनाची हेरास इन्स्टिट्यूट (१९२६) आणि वनस्पतींच्या नमुन्यांचं ब्लॅटर हर्बेरियम एकाच आवारात आहेत, वाळवलेल्या नमुन्यांचा आणि हस्तलिखितांचा असा संग्रह पदवीच्या विद्यार्थ्याला हाताशी मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

मनमाड_जंक्शन
राहणं आणि जाणं.

पंचवटी एक्सप्रेस सकाळी नाशिकरोडहून निघते आणि थेट सीएसएमटीला पोचते. झेवियर्स तिथून चालत दहा-पंधरा मिनिटं. विल्सनसाठी दादरला उतरून पश्चिम रेल्वेने चर्नी रोड. मुलाखत, पडताळणीला हे पुरतं. रोजचं जाणं-येणं धरून प्रवेश घेऊ नका, ७५ टक्के हजेरीत ते बसत नाही.

वसतिगृह: विल्सनचं मुलांसाठी मॅकिकन हॉल, मुलींसाठी पंडिता रमाबाई. सोफियालाही मुलींचं वसतिगृह आहे. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जापेक्षा वेगळा असतो आणि जागा आधी संपतात. प्रवेश पक्का व्हायची वाट न बघता तो भरून ठेवा. मुलींनी वायडब्ल्यूसीएकडेही विचारावं. स्थानिक पालक म्हणजे लोकल गार्डियन मागतात, त्याचं ओळखपत्र आणि संमतीपत्र लागतं, आधी बोलून ठेवलं तर बरं.

नगरला थेट गाडी नाही. मनमाडला बदलून दौंड मार्गाची गाडी पकडायची, नाहीतर एसटीने सिन्नर-संगमनेर. नागपूरला सेवाग्राम किंवा विदर्भ एक्सप्रेस रात्रीची, सकाळी उतरतात. पुण्याला एसटीच बरी.

सावेडी_नाका
अहमदनगर कॉलेजबद्दल इथे एकच ओळ आली, ते बरोबर वाटलं नाही. नाशिकच्या मुलांसाठी व्यवहारी दृष्टीने सर्वांत जवळचं तेच आहे. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये ते सुरू केलं. त्यामागे नगरमध्ये १८३१ पासून असलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा होती. कला, विज्ञान, वाणिज्य एकाच आवारात, वसतिगृह आहे, खर्च मुंबईच्या मानाने पुष्कळ कमी. आणि विद्यापीठ तेच असल्याने दुसऱ्या वर्षाला नाशिकला परत यायचं झालं तर स्थलांतर प्रमाणपत्राची भानगड नाही. श्रेयांक जुळतात का एवढंच बघायचं: मुख्य विषय, गौण विषय आणि ओपन इलेक्टिव्ह दोन्हीकडे सारखे हवेत. पहिल्या वर्षी असा गौण विषय घेतला जो नाशिकच्या कॉलेजात शिकवलाच जात नाही, की तिथे गाडी अडते.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. जुन्या कागदांवर अहमदनगर आणि नव्यांवर अहिल्यानगर असेल तर घाबरू नका, त्यासाठी प्रतिज्ञापत्र मागत नाहीत.

पंचवटी_वाचनालय
अवांतर आहे, पण नाशिकच्या संदर्भात सांगण्यासारखं. मिशनचं शिक्षण नाशिकला नव्हतं असं नाही. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीची १८५० च्या दशकातली वसाहत. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे लेखन-वाचनाबरोबर सुतारकी, लोहारकाम शिकवत. आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाच्या मोहिमांत 'नासिक बॉइज' म्हणून जी नावं येतात ती यांचीच. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या अंत्यविधीला वेस्टमिन्स्टर अॅबेत शवपेटी धरणाऱ्यांत होता. शरणपूरचा भर कारागिरीवर होता. विल्सन आणि हिस्लॉप या स्कॉटिश मिशनच्या संस्थांनी उच्च शिक्षणावर भर दिला. मिशनच्या परंपरेतली मोठी महाविद्यालयं मुंबई-नागपूरला उभी राहिली आणि नाशिकला राहिली नाहीत, त्याचं एक कारण मला यात दिसतं. शरणपूर रोडने रोज जाणाऱ्या कॉलेजच्या मुलांना हे शिकवायला हवं असं मनापासून वाटतं.

निफाडकर
धर्मशास्त्राचं कुणीच बोललं नाही.

कलम_तीस
थोडक्यात सांगतो. पुण्यात तीन मुख्य: रामवाडीचं ज्ञानदीप विद्यापीठ (कॅथलिक, १९५५ मध्ये श्रीलंकेच्या कँडीहून आलेलं), बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी (१९८३ मध्ये यवतमाळहून हललेलं) आणि युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी. प्रोटेस्टंट सेमिनरींची बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही पदवी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची, त्याला १९१८ चा स्वतंत्र कायदा आहे. प्रवेशाला चर्चची शिफारस आणि बहुतेक वेळा बिशप किंवा सिनॉडचं (चर्चच्या मध्यवर्ती सभेचं) प्रायोजकत्व लागतं, नुसते गुण पुरत नाहीत. पुढे सरकारी नोकरी किंवा सर्वसाधारण एमएला ही पदवी समकक्ष धरतात का, हे त्या त्या विद्यापीठाला लेखी विचारून घ्यावं.

स्पायसरबद्दलही एक: ते सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्टांचं आहे. शुक्रवार सूर्यास्त ते शनिवार सूर्यास्त शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, त्यामुळे शनिवारी वर्ग नाहीत, आणि खाणावळ शाकाहारी. वसतिगृहाचे नियम वाचून मगच ठरवा.

इंदिरानगर_ताई
शेवटची शंका. कोट्यातून एका ठिकाणी प्रवेश घेतला आणि नंतर केंद्रीय फेरीत चांगलं मिळालं तर फी जाते का?

कॅम्प_देवळाली
अकरावीत कोट्याचा प्रवेश ऑनलाइन रद्द केल्याशिवाय पुढच्या फेरीत नाव येत नाही. रद्द करायला कॉलेजच्या लॉगिनमधून मान्यता लागते, म्हणून फेरीची खिडकी उघडायच्या आधी निदान दोन कामाचे दिवस हातात ठेवा.

पदवीला यूजीसीचं २०१८ चं फी परताव्याचं धोरण लागतं. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर १०० टक्के परत (प्रक्रिया खर्च जास्तीत जास्त ५,००० रुपये कापून). त्या तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९०, तारीख उलटून १५ दिवसांत ८०, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५०, नंतर काही नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, त्यावर तारीख घालून घ्या, कारण टक्केवारी त्या तारखेवर मोजतात. आणि मूळ प्रमाणपत्रं कॉलेजने ठेवून घ्यायची नाहीत असं त्याच धोरणात आहे. पडताळणीला मूळ दाखवा, समोर बसून परत घ्या आणि साक्षांकित प्रती द्या. शाळा सोडल्याचा दाखला मात्र प्रवेशासाठी जमा होतो, तो दुसऱ्या कॉलेजला लागेल तेव्हा रद्द केल्याच्या पावतीबरोबरच परत मागा. त्याच्या रंगीत स्कॅनप्रती आधीच काढून ठेवा.